बेलापूरच्या नाल्यातली हळद

ज्यांनी नवी मुंबई पाहिली नाही त्यांना आधीच सांगून ठेवते, की तिथे मुंबई सापडत नाही. मुंबई खाडीच्या पलीकडे राहिली. अलीकडे डोंगर आहे, खाजण आहे, मिठागरं आहेत, आणि त्यांच्या मधेमधे कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारख्या चार-चार मजल्यांच्या इमारती आहेत. खाडीवरचा पूल झाल्याला दहाएक वर्षं झाली. रेल्वे येणार असं सगळे सांगतात. मी गेले तेव्हा आली नव्हती.

मी नाशिकला भांड्यांचं दुकान चालवते. नवरा लवकर गेला. पहिली पाच वर्षं डोक्यावर पाटी घेऊन खेडोपाडी पातेली विकली, मग हातगाडी, मग दुकान. धाकटा भाऊ श्रीधर माझ्याकडेच वाढला. मी त्याला शिकवलं. तो आता या नव्या शहरात मोजणीचं काम करतो. गेल्या दसऱ्याला त्याला बेलापुरात ब्लॉक मिळाला, वास्तुशांत झाली, आणि ‘सर्व यथासांग पार पडले’ असं पोस्टकार्ड मला पूजेनंतर आठ दिवसांनी आलं. आमंत्रण आलं नाही.

लग्नसराईत दुकान सोडणारी बाई मी नव्हे. पण राग सहा महिने पोटात ठेवून तो काही कमी होईना, म्हणून वैशाखात दुकान नोकरांवर टाकलं आणि न बोलावता निघाले.

पहिला दिवस : ब्लॉक

ठाण्याहून बेलापूरला येणारी एसटी तुर्भ्याच्या कारखान्यांसमोरून जाते. तिथे सगळ्या बायकांनी पदर नाकाला लावला, मीही लावला. बेलापूरला उतरले तर धुळीत श्रीधर उभा. पत्र मीच टाकलं होतं, तरी त्याला पाहून आधीच ठरवलेली वाक्यं विस्कटली. किती बारीक झाला होता!

“आक्का, ऊन फार आहे. पिशवी दे.”

“ऊन नाशिकलाही असतं,” मी म्हटलं. “पिशवी माझी मी आणते.”

ब्लॉक दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, गॅलरी, भिंतींना पिस्ता रंगाचा डिस्टेंपर. माझी भावजय नलिनी मुंबईची, हळू बोलणारी. तिने पाणी दिलं, आणि मी पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत विचारलं, “वास्तुशांतीला मी मेले होते का?”

नलिनी आत गेली. श्रीधर गॅलरीच्या कठड्याकडे बघत म्हणाला, “तू आलीस की भांडतेस, आक्का. नलूच्या माहेरची माणसं होती. माझ्या लग्नात तू बँडवाल्यांना दोन तास जास्त वाजवायला सांगितलंस, आणि ते नाही म्हणाले तर त्यांचा ढोल धरून बसलीस.”

“ठरल्यापेक्षा उशिरा आले होते ते!”

“मला माहीत आहे. पण ढोल धरून बसलीस.”

मी जेवले नाही. गॅलरीत जाऊन बसले. समोर डोंगर, उन्हाने भाजून खरपुडी धरलेला. डोंगरातून एक नाला खाली येत होता, कोरडा ठणठणीत, आणि नाल्यापलीकडे जुनं गाव. नाल्याच्या दोन्ही काठांना तांबड्या मातीचा पुरुषभर उंच भराव घातला होता. तिथे पूर्वी भातशेतं होती, श्रीधर मागून म्हणाला. मी पदराने वारा घेत राहिले.

दुसरा दिवस : जिन्यावरचा बाजार

सकाळी जिन्यात आरोळी आली आणि एक आगरी बाई टोपली टेकवून पायरीवर बसली. गुडघ्यापर्यंत कासोटा, नाकात नथ, दंड माझ्या दुप्पट. तिचं नाव हिराबाय. ती सांगेल तो भाव देऊन नलिनी दार लावायच्या बेतात होती. मी तिला मागे सारलं.

आमच्याकडे मासे म्हणजे गोदावरीचे, तेही क्वचित. टोपलीत डोक्यावर डोळे असलेलं, चिखलाच्या रंगाचं काहीतरी वळवळत होतं.

“हे काय आहे? आमच्या नाशिकला नाही असलं. बेडूक?”

“निवट्या गो, बाय. बेडूक तुझ्या नाशिकला.”

“मग बेडकाच्या भावात दे.”

तिने टोपलीवर फडकं टाकलं. “काय गो, भांडाला आयलीस का मासली घेवाला?”

“दोन्हीला आले.”

अर्धा तास चाललं. ती उठली, मी दार लावलं. तिने दार वाजवलं, मी उघडलं. मी कोळंबी शिळी म्हटलं, तिने माझ्या नाकाखाली धरली. शेवटी सौदा झाला आणि वर दोन बोयी मासे टाकून ती खो खो हसत सुटली. “बावीस बायकांना मासली देतंय मी ह्या बिल्डिंगीत. एक पन भांडत नाय. घेतात नि दार लावतात. मना वाटतं, मी भीक मांगाला आयली का काय!” मग टोपली उचलता उचलता म्हणाली, “उद्या माज्या मंजूची हलद हाय. ये गो तू. तुझ्या भावाला पन आन. मोजनीवाल्याला.”

श्रीधरला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला. “या शहरासाठी सरकारने घेतली ती त्यांची शेतं मीच मोजली आक्का. साखळी धरून. मी कसा जाऊ?”

“ती बोलावते आहे. बोलावलेल्या ठिकाणी माणसाने जावं,” मी म्हटलं. त्याला लागावं म्हणूनच म्हटलं, आणि लागलं.

दुपारी हिराबायच्या कोळंबीचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली. आमच्या बाजरीच्या भाकरीपुढे ही भाकरी म्हणजे पांढरा रुमाल. पण कालवणात बुडवली आणि मी तिसरी मागितली.

तिसरा दिवस : हळद

मंडप कुठे, म्हणून विचारत गेले तर तो नाल्यात. अगदी पात्रात, वाळूवर. आंब्याच्या डहाळ्या, केळीचे खांब, पन्नास-साठ खुर्च्या, चुलीवर माझ्या कमरेएवढी पातेली. पातेल्यांकडे मी आधी बघितलं, सवयच ती.

“नाल्यात काय म्हणून?” मी हिराबायला विचारलं.

“मंग कुठं? पयले लगीन खल्यावर व्हायाचं. खलं गेलं, शेत गेलं. भरावावर काटेरी तार हाय, बिल्डिंगींकडं जावाला फकस्त येक पायवाट सोरलीय. येवरीच सपाट जागा रायली आमची.”

“आणि पाऊस आला तर?”

ती हसली. “वलवाच्या पान्याला कोन घाबरतंय? चार थेंब पडतान. डोंगरावरनं आयलं तरी शेतंच पिऊन टाकतान. माज्या सासूच्या येलेपासना बगतंय, वैशाखात नाला भरत नाय.”

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. मीही मान डोलावली.

आमच्याकडे हळद म्हणजे उरकायचा कार्यक्रम, खरं महत्त्व दुसऱ्या दिवसाला. इथे हळदच मोठी. आणि इथे लग्नाला भटजी नाही. धवलारीण असते. म्हातारी बाई, सगळे विधी तीच गाण्यातून करते, त्या गाण्याला धवला म्हणतात. या गावची धवलारीण ठमाय, सत्तरीची, एका हाताला सहा बांगड्या आणि आवाज पितळी घंगाळासारखा. एरवी दोघी आळीपाळीने गातात, पण तिची जोडीण तापाने पडली होती. ठमाय एकटीच गाणार होती.

नवरदेवाकडच्या बायका उष्टी हळद देऊन लगेच परत गेल्या. मंजूला पाटावर बसवलं. एकोणीस वर्षांची, आईसारख्याच दंडाची, पण डोळे खाली. ठमायने समई लावली, तांदळाचा चौक भरला आणि धवला सुरू केला.

हिराबाय माझ्या कानाशी लागली. “आता हलद पुरी होईस्तो धवला तुटायचा नाय. माज्या येलेला तुटलेला. आग लागली म्हनून सगली धावली, ठमाय पन धावली. दोन वर्सांत मंजूचा बाप होडीसकट गेला.” ती हे साधेपणाने सांगत होती, पण माझं मनगट तिने घट्ट धरलं होतं. “विहीनबायला ठावं हाय ते. तिनं सांगून ठेवलंय, लेकीचा तुटला तर वरात परत नेईन.”

मी मागे वळून श्रीधरला शोधलं. तो खाली उतरलाच नव्हता. काठावर भरावाच्या कडेला उभा होता आणि डोंगराकडे बघत होता. मीही बघितलं. आमच्यावर ऊन होतं. डोंगराचा माथा मात्र नव्हताच. तिथे तव्याच्या बुडासारखं काळं होतं, आणि त्यातून आवाज न करता वीज हलत होती.

मी वर चढून गेले. “काय बघतोस?”

“काही नाही.”

“श्रीधर!”

तो हळू म्हणाला, “तिथे पडतोय आक्का. मोठा पडतोय. हे लोक म्हणतात शेतं पाणी पितात, पण शेतं आहेत कुठे? दोन्हीकडे भराव आहे. डोंगराचं सगळं पाणी आता याच पन्हाळीतून येणार. पुढे रस्त्याखाली दोन पाइप आहेत, आणि खाडीला भरती आहे.”

“हे तुला माहीत होतं, आणि तू गप्प उभा आहेस?”

“माझं कोण ऐकेल इथे?”

माझा हात उठला होता, खोटं सांगत नाही. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. लहानपणी अंधाराला भ्यायचा आणि सांगायचा नाही, तसाच. मी उठलेल्या हाताने त्याचा दंड धरला आणि त्याला खाली मंडपात आणला.

तो बोलला. सगळ्यांसमोर, घसा खाकरून, शाळेत उभं केल्यासारखा. शेतं आता नाहीत, पाणी मुरायला जागा नाही, येईल ते इथूनच जाईल, अर्ध्या तासात निघायला हवं. धवला चालूच होता. मग एक म्हातारा उठला. “शेतं नाय म्हनून सांगतो! नेली कोनी? तूच साकली घेऊन आयलेलास!”

चार-पाच पुरुष पुढे सरकले. श्रीधर मागे हटला नाही. “हो, मीच,” तो म्हणाला. “म्हणूनच मला ठाऊक आहे.”

तेवढ्यात वरून वारा आला. उन्हात असूनही गार, आणि त्याला ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा वास. म्हाताऱ्याने नाक वर केलं. पोरं उचलून बायका उठायला लागल्या. हिराबाय मात्र मंजूच्या पाटापुढे हात पसरून उभी राहिली. “नाय! धवला तुटायचा नाय! पुरा झाल्याबिगर कोन हात लावायचा नाय!”

मी तिच्याशी भांडत बसले नाही. सौदा कुणाशी करायचा हे बघणं, हाच माझा धंदा. मी ठमायपुढे उकिडवी बसले.

“गाणं थांबवू नकोस,” मी म्हटलं. “पाय तेवढे हलव. हळद वर नेऊ. गात गात.”

ती गातच होती, तोंडाने उत्तर देऊ शकत नव्हती. तिने मान हलवली : नाही. मग डोंगराकडे एक नजर टाकली आणि बोट मंजूच्या पायांकडे केलं, मग जमिनीकडे, आणि नकार दिला.

“पाय जमिनीला लावायचे नाहीत. कबूल. पाटासकट उचलू.”

तिने मंडपात रोवलेल्या उंबराच्या फांदीकडे बोट केलं.

“मुहूर्तमेढ बरोबर घेऊ. कबूल.”

बोट समईकडे.

“वाऱ्यात विझेल ती. समई सोड.”

ती मान हलवत राहिली, गात राहिली. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे होतात ते मी पाहिलेत, पण गाणाऱ्या बाईशी असा सौदा मी जन्मात केला नव्हता. माझा पारा चढत होता आणि वरून येणारा वास वाढत होता. मी उठले, चुलीजवळचं सगळ्यात खोल रिकामं पातेलं आणलं, त्यात समई उभी ठेवली. ज्योत काठाच्या खाली स्थिर झाली. ठमायने पातेल्यात डोकावलं, आणि गाता गाता उठली.

“चौघं जन पाट धरा!” हिराबाय ओरडली. तिघं धावले. चौथ्या कोपऱ्याला श्रीधर वाकला आणि थबकला. हिराबायने त्याच्या पाठीत धपाटा घातला. “धर ना रे मोजनीवाल्या! बगतोस काय!”

अशी ती हळद निघाली. पुढे पातेल्यातला दिवा घेऊन मी, मागे उंबराची फांदी, मग अधांतरी पाटावर पिवळीधमक मंजू डोळे मिटून, तिच्या पाठीशी हिराबाय, आणि शेजारून ठमाय गात. भरावाची चढण भुसभुशीत. अर्ध्यावर असताना वरच्या बाजूने आवाज आला, ट्रकमधून खडी ओततात तसा, पण न थांबणारा. कुणीतरी किंचाळलं. ठमायने मागे वळून पाहिलं, तिचा पाय मातीत रुतला, ती गुडघ्यावर आपटली आणि तिचा श्वास अडकला.

गाणं थांबलं.

मी हिराबायचं तोंड पाहिलं. पाण्याकडे तिचं लक्षच नव्हतं, ती ठमायच्या उघड्या, मुक्या तोंडाकडे बघत होती. मला धवला येत नाही. मला एकच ओवी येते, माझ्या हळदीला माझ्या आईने म्हटलेली. त्यानंतर मी ती कधी म्हटली नव्हती. ती तोंडातून निघाली.

*हळदीच्या अंगावर ऊन पडलं कवळं*
*आईचं गं काळीज चालतं लेकीच्या जवळं*

परत परत तेच म्हणत चढले, दोनदा की तीनदा आठवत नाही. मग मागून ठमायचा आवाज आला, फाटका, पण तिच्या जागेवर, आणि मी गप्प झाले.

आम्ही वर पोचलो आणि पाणी आलं. मला वाटलं होतं पाणी वाहत येतं. ते चालत आलं. छातीएवढी मळकट भिंत, तोंडाशी फेस आणि वाळका पाला, मागे अख्खी झाडं. मंडप पडला नाही, एकदम नाहीसाच झाला. खुर्च्या, केळी, ती कमरेएवढी पातेली शिंपल्यांसारखी उलटत गेली. आमच्यावर तोवर पावसाचे मोजून पाच-सहा थेंब पडले होते. माणूस एकही खाली राहिला नव्हता. श्रीधर तोंड हलवत पुन्हा पुन्हा डोकी मोजत होता.

या बाजूला जवळचं छप्पर आमच्या इमारतीचं. पाट दारातून सरळ जाईना, तो मंजूसकट तिरका केला, ती पहिल्यांदा हसली. नलिनीने काही न विचारता खोलीतली खाट भिंतीला उभी केली. चाळीस बायका त्या दोन खोल्यांत मावल्या. ठमायने पातेल्यातून समई काढली, फरशीवर नवा चौक भरला, आणि धवला पुरा केला. पिस्ता रंगावर सगळीकडे पिवळे हात उठले.

पाणी दीडेक तासात ओसरलं. जिथे चुली होत्या तिथे माझ्याएवढे धोंडे येऊन बसले होते. तिकडे जाणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : वैशाखात डोंगर काळा दिसला की कोरड्या नाल्यात उभं राहू नका, तुमच्या डोक्यावर कितीही ऊन असो. आणि गावातलं जाणतं माणूस ‘इथे कधी पाणी येत नाही’ म्हणालं, तर शेतं अजून जागेवर आहेत का तेवढं विचारा.

सगळ्या गेल्यावर श्रीधर माझ्याशेजारी फरशी पुसायला बसला. बराच वेळ तो एकाच जागी फडकं फिरवत होता. मग म्हणाला, “आक्का, जेवतेस ना आज?” मी जेवले. माझा राग गेला असं नाही, वास्तुशांतीचं मी त्याला अजून ऐकवते. पण त्या दिवशी त्याला वाढताना माझा हात हलका होता.

चौथा दिवस : विहीणबाई

लग्न गावातल्या देवळापुढे लागणार होतं. सकाळीच विहीणबाई दहा-बारा बायका घेऊन हिराबायच्या दारात आली. बारीक, ताठ, पान खाणारी. बातमी तिच्या कानावर गेली होती.

“तुटला का नाय तेवरं सांग,” ती ठमायला म्हणाली.

ठमाय गुडघ्याला पट्टी बांधून बसली होती. तिने खोटं सांगितलं नाही. “मी पडली. माजा सास गेला. पन धवला तुटला नाय. मधी हिची ओवी हाय.”

“परक्या गावची ओवी धवल्यात चालते का?”

हिराबाय उंबऱ्याला टेकून उभी होती आणि परवा जिन्यावर माझ्याशी भांडणारी ती हीच बाई, यावर कुणाचा विश्वास बसला नसता. मला तिखट उत्तर सुचलं होतं. चांगली पाच-सहा सुचली होती. मी ती गिळली, कारण इथे माझं काही जाणार नव्हतं, जाणार होतं ते मंजूचं.

विहीणबाईने माझ्याकडे तोंड केलं. “बोलून दाव कशी हाय ती.”

मी उभी राहिले. पहिली ओळ म्हटली. ‘ऊन पडलं कवळं’पर्यंत आले आणि समोर माझी आई आली, जशी होती तशी, हळदीने भरलेल्या हातांची. दुसरी ओळ येईना. मी, जिने बाजारात कधी माघार घेतली नाही, ती बायकांच्या घोळक्यात तोंड उघडं टाकून उभी.

तेव्हा आतल्या खोलीतून मंजू गायली. पाटावर डोळे मिटून बसली होती तेव्हा ऐकलेलं, तिच्या आईच्या बोलीत :

*आईचं गो कालीज चालतं लेकीच्या जवलं*

विहीणबाई आतल्या दाराकडे बघत राहिली. मग तिने तोंडातलं पान बाहेर जाऊन थुंकलं, परत आली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

“पुरा हाय,” ती म्हणाली. “आना गो माज्या सुनेला भायेर.”